बेदाण्याची तुला

"बुवा, श्वास सोडा," तातोबा म्हणाला. "छाती फुगवून बसलं म्हणून वजन वाढत न्हाई."

"वाढलं तर बरंच की रे," त्र्यंबकबुवा पारड्यातून म्हणाले. "मुलींना तेवढेच चार बेदाणे जास्त."

मंडप हसला. बुवा मांडी घालून बसलेले, गळ्यात झेंडूचा हार, अंगात लांब पांढरा कोट. समोरच्या पारड्यात धुतलेल्या धोतरावर नव्या हंगामाचे बेदाणे. तातोबा ओंजळीनं टाकत होता. शेवटच्या ओंजळीला त्यानं हात आखडला, बोटांतून एकेक बेदाणा सोडला, आणि दांडीचा काटा मधोमध येऊन उभा राहिला.

"गेल्या सालापरीस सव्वा किलो जास्त भरलं बुवा," तो म्हणाला.

बुवांनी डोळे मिटून हात जोडले.

आमचं हिंगणमळा गाव द्राक्षाचं. चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो, सात दिवस कीर्तनं होतात, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की कीर्तनकाराची बेदाण्यानं तुला करायची, अशी आमच्याकडची रीत. ते बेदाणे तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात जातात. तराजू बेदाण्याच्या शेडवरचा, आणि तराजूबरोबर तातोबाही शेडवरचाच. तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही, फक्त तोललं.

माझ्याकडे माईक आणि प्रसाद. सातही दिवस सकाळ-संध्याकाळ मी माईकवरून एकच सांगत होते, "माउलींनो, नैवेद्य दाखवल्याशिवाय प्रसाद कुणी तोंडात टाकू नये. मुलांनाही देऊ नये." हे मी का सांगते आहे ते पुढे कळेल.

बुवा उतरले. ते उतरताच बेदाण्याचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. कुणी तिकडे पाहिलं नाही, कारण आरती सुरू झाली होती. सगळा गाव मारुतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे तराजूकडे सगळ्यांची पाठ. आरत्या आमच्याकडे पाच म्हणतात, शिवाय बुवांना सूर लागला की प्रत्येक आरतीचं शेवटचं कडवं तीनदा. मी डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. काल्याच्या दिवशी माझे डोळे भरून येतातच, उद्यापासून कीर्तन नाही म्हणून.

शेवटचा घोष झाला आणि मागून गोदाक्काचा आवाज आला.

"घ्या. देवाच्या आधी पुजाऱ्यानं उरकून घेतलं."

वळून पाहिलं तर झांज्या. पुढचे दोन पाय पारड्यात, तोंड बेदाण्यात, शेपूट तालात.

झांज्या म्हणजे दत्तूआबांचा कुत्रा. आबा आमचे पखवाजवाले, वय सत्तरीच्या पुढे. बायको गेली, लेक पुण्याला. घरात ते, पखवाज आणि हा तांबूस, एका कानानं वाकडा कुत्रा. पिल्लू असताना झांजा वाजल्या की नेमका समेवर भुंकायचा, म्हणून झांज्या. भजनाला आबांच्या मांडीला टेकून बसायचा आणि शेवटपर्यंत उठायचा नाही. मी म्हणायचे, मागच्या जन्माचा कुणी टाळकरी असेल. गोदाक्का म्हणायची, "ऐकायला कुठला येतोय? खायला येतोय." गोदाक्का माझी थोरली जाऊ. माझ्या प्रत्येक श्रद्धेला तिच्याकडे एक खडा तयार असायचा.

सगळे हसले. आबाही हसले. तातोबा मात्र "अरं, माझा काटा हलविला," करत धावला आणि झांज्याला मानगुटीला धरून बाहेर ओढलं. झांज्या जिभेनं मिशा पुसत उभा राहिला.

हसली नाही ती एकटी डॉक्टरीणबाई.

तिचं नाव तस्नीम मुजावर. जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच आली होती, तिशीही नसेल. त्या सकाळी आमच्या गावात लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचायला आली होती, आणि काल्याच्या दिवशी गावात पाय ठेवलेला माणूस मी उपाशी जाऊ देत नाही, म्हणून मीच तिला हाताला धरून मंडपात बसवलं होतं. ती ताडकन उठली आणि झांज्याजवळ गुडघ्यावर बसली.

"किती खाल्ले यानं?"

"खाऊ द्या की डॉक्टरबाई," आबा म्हणाले. "प्रसादच हाय."

"आबा, बेदाणे कुत्र्याला विष असतात. द्राक्षंही. मूत्रपिंडं बंद पडतात. आज काही दिसणार नाही, परवा लघवी थांबेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तुम्हाला सांगते, आमची अख्खी गावं बेदाण्यावर उभी आहेत. बाळंतिणीला बेदाणे, आजाऱ्याला बेदाणे, देवाला बेदाणे. कुणी येऊन तुमच्या अंगणातल्या तुळशीला विष म्हणावं तसं झालं.

"असं कसं?" तातोबा म्हणाला. "मी रोज मूठभर खातो."

"तुम्ही कुत्रा आहात का?"

"बायकोला विचाराय पायजे," गोदाक्का पुटपुटली, पण तिचाही आवाज खाली आला होता.

माझा हात कमरेला गेला. कमरेला माझा बटवा होता, आणि बटव्यात बेदाणे होते. मी हात काढून घेतला आणि पदर सारखा केला.

आबा खालीच बसले. झांज्या लगेच त्यांच्या मांडीला टेकला. "काय करायचं मग?" ते म्हणाले. एवढंच.

"उलटी काढायची. आत्ता. पोटात आहे तोवर."

उलटी म्हटल्यावर गावाला जोर आला, कारण उलटी काढणं सगळ्यांना येतं. गोदाक्का स्वयंपाकाच्या तंबूकडे धावली आणि तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ घालूनच परत आली. तातोबानं बाह्या मागे सारल्या. "पाणी कशाला? मी बोटं घालतो घशात. आमच्या म्हशीला..."

"म्हशीची गोष्ट नंतर सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि गोदाक्काच्या हातातला तांब्या घेऊन सरळ मंडपाबाहेर ओतला. "अक्का, राग मानू नका. एवढं मीठ पोटात गेलं तर उलटी होईल न होईल, पण मीठ रक्तात चढलं की मेंदूला सूज येते. बेदाण्यानं मरायच्या आधी मिठानं मरेल. आणि घशात बोटं घातली तर तातोबांची बोटं जातील, नाहीतर उलटीचं पाणी फुफ्फुसात जाईल."

तातोबानं बोटं मुठीत घेतली.

"माझ्याकडे आज फक्त लसीची पेटी आहे. उलटीचं इंजेक्शन दवाखान्यात, म्हणजे तासाभराचा रस्ता. तेवढा वेळ घालवायचा नाही. गावात मेडिकल कुणाचं?"

मेडिकलवाले शिरीष मंडपातच होते, टाळ गळ्यात अडकवून. तिनं त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड आणायला सांगितलं, जखम धुवायचं, आणि बिनसुईची मोठी सिरिंज. शिरीष टाळासकट पळाले. ते पळताना टाळ वाजत होते, आणि झांज्या एकदा भुंकलाही.

"जखमेचं औषध पोटात?" आबांनी विचारलं.

"पोटात त्याचा फेस होतो, आणि फेस सगळं घेऊन वर येतो. पण हे कुणी घरी आपल्या मनानं करायचं नाही. हा शुद्धीवर आहे, उभा आहे, गिळतो आहे, आणि खाऊन अर्धा तासही झालेला नाही, म्हणून करते. रॉकेल किंवा फिनेल प्यायला असता तर उलटी काढलीच नसती. जाताना जाळतं तसं येतानाही जाळतं."

"मग आमच्या मनीलाबी हेच द्यायचं का, तिनं काय खाल्लं तर?" गोदाक्कानं विचारलं.

"मांजराला अजिबात नाही. मांजराच्या पोटातून रक्त येतं यानं. मांजर सरळ माझ्याकडे आणायचं, टोपलीत घालून."

"ती टोपलीत बसती व्हय," गोदाक्का म्हणाली. "मलाच बसीवती."

मग डॉक्टरीणबाईनं तराजूकडे पाहिलं. "कुत्र्याचं वजन पाहिजे. औषध वजनावर असतं."

ह्यावर तातोबाला बळ आलं. बुवांच्या पारड्यात त्यानं स्वतःचा पंचा अंथरला, आबांनी झांज्याला उचलून ठेवलं आणि मानेवर हात ठेवून उभे राहिले. बेदाण्याचं धोतर गाठ मारून बाजूला काढलं आणि तिथं लोखंडी वजनं चढली. "आबा, हात काढा, तुमचा हात तोलायचा न्हाई," तातोबा म्हणाला. आबांनी हात काढला. काटा डुलला, थांबला.

"सोळा किलो."

"किलोला दोन मिली. बत्तीस."

शिरीष परत आले. तिनं बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि परत दिली. "ही सहा टक्क्यांची आहे. ही दिली तर पोट भाजेल. तीनची आणा, आणि बाटली नवी, न फोडलेली." शिरीष पुन्हा पळाले. या वेळी टाळ आबांच्या हातात देऊन.

दुसरी बाटली बरोबर निघाली. डॉक्टरीणबाईनं झांज्याच्या गालाची कड बोटानं उचलली, सिरिंजचं टोक दाढेशी नेलं आणि हळूहळू, थांबत थांबत बत्तीस मिली सोडलं. झांज्यानं तोंड असं केलं की कडू काढा प्यायलेल्या पोराची आठवण यावी. पण चावला नाही.

"आता फिरवा त्याला. पोट हललं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं लागतील."

आबांनी देवळाला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. पुढे झांज्या, मागे आबा.

"तोवर मला एक सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "किती खाल्लं ते कळायला हवं. किती गेलं ते कळलं तर किती यायला हवं ते कळेल."

"त्यात काय अवघड?" तातोबा म्हणाला. "मघाशी काटा बरोबर होता. बुवा परत बसू देत. बेदाणे जेवढं कमी, तेवढं कुत्र्याच्या पोटात."

सगळ्यांना पटलं. बुवा मात्र म्हणाले, "दुसरा काही मार्ग नाही का?"

"काय वो बुवा, बसायचंच हाय फक्त."

बुवा बसले. हार तोच, कोट तोच. तातोबानं बेदाण्याचं धोतर समोर ठेवलं, हात सोडला, आणि बेदाण्याचं पारडं खाली गेलं.

बुवांचं नाही. बेदाण्याचं.

तातोबानं दांडीवर टिचकी मारली. साखळ्या सारख्या केल्या. पुन्हा सोडलं. पुन्हा बेदाणेच खाली. त्यानं बुवांच्या बाजूला पाव, अर्धा अशी वजनं चढवली तेव्हा काटा मधोमध आला.

"पाऊण किलो जास्त," तो म्हणाला. त्याचा आवाज तीस वर्षांत पहिल्यांदा कापत होता. "कुत्र्यानं खाल्ल्यावर बेदाणं वाढलं."

मग मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. तिचं बघून दुसरीनं. कुणीतरी म्हणालं, "मारुतीरायाची कृपा." कुणीतरी बुवांच्या पारड्याला हात लावून डोळ्यांना लावला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर कीर्तनात ऐकलेलं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. आणि माझ्या मनात आलं, देवानंच भरून काढलं, म्हणजे आता मला काही सांगायला नको. हात जोडून सगळ्यांत खाली मी वाकले.

"चमत्कार नाही," बुवा म्हणाले.

ते पारड्यातच होते. मांडी मोडून, पाय खाली सोडून बसले होते.

"मघाशी माझ्या कोटाच्या आतल्या खिशांत टाळ होते. दोन जोड. आता नाहीत. आरतीला काढून दिले."

"टाळ कशापायी?" तातोबानं विचारलं.

"वजन वाढावं म्हणून." बुवा त्याच्याकडे बघत नव्हते, तेल संपलेल्या समईकडे बघत होते. "गेल्या वर्षी वसतिगृहात गेलो होतो. एका मुलीनं विचारलं, बुवा, तुम्ही जाड कधी होणार? मला उपाय सुचला तो हा. वाटलं, देवाच्याच कामाचं आहे. पण खोटं ते खोटंच. कुत्र्याच्या जिवावर बेतलं नसतं तर बोललोही नसतो. तेवढं लक्षात ठेवा."

ज्या माणसासमोर आम्ही सात दिवस मान वर करून बसलो होतो, तो मान खाली घालून बसला होता.

तातोबानं शांतपणे दोन जोड टाळ मागवले आणि तोलले. "सव्वा किलो," तो म्हणाला. मग बोटांवर हिशेब केला. "टाळ न्हाईत म्हंजे बेदाणं सव्वा किलो जास्त भराय पायजे हुतं, भरलं पाऊणच. अर्धा किलो खाल्लंय कुत्र्यानं." आणि जरा थांबून, "बुवा, सालभर मला झोप लागली नसती, एक माणूस एका सालात कीर्तनं करून सव्वा किलो कसा वाढला म्हणून."

तेवढ्यात देवळाच्या मागून आबांनी हाक मारली, आणि आम्ही सगळे धावलो. झांज्या चौथ्या प्रदक्षिणेत थांबला होता. पाठीची कमान झाली, पोट आत ओढलं गेलं, आणि फेसासकट बेदाणे बाहेर आले. मग परत. मग तिसऱ्यांदा. फुगलेले, अख्खे, जसेच्या तसे. एवढा हावरट की एकही चावला नव्हता.

"आज सगळ्यांचंच पोट मोकळं व्हायलंय," गोदाक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाई काडीनं ते पसरून बघत होती. तातोबा वाकला. "तोलू का?"

"तराजूत नको," बुवा, मी आणि गोदाक्का एकदम म्हणालो.

ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. "अंदाजानं पुरे. भिजून फुगलेत ते धरलं तरी अर्धा किलोला बरोबर आहे. सगळं आलंय, आबा. नशीबवान आहे तुमचा कुत्रा. घरी न्या, आज काही खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं. उद्या फोन करा."

आबांनी तिच्यासमोर हात जोडले. झांज्या दमून त्यांच्या पायावर पसरला होता. ती लसीची पेटी उचलून जीपकडे निघाली. लोक मंडपाकडे वळले, पानं वाढायची होती, काला वाटायचा होता. सगळं सुखरूप झालं होतं.

मी तिथंच उभी होते. माझ्या कमरेला बटवा.

आता सांगते. सप्ताहात पहाटे पाचला काकडा असतो. मी साडेचारला जायचे, देव उठायच्या आधी झाडलोट करायला. झांज्या आबांच्या आधी येऊन पायरीवर बसलेला असायचा. अंधारात दोनच जण, तो आणि मी. नैवेद्याचे बेदाणे माझ्या बटव्यात. पहिल्या पहाटे त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, देव आत झोपलाय आणि हा इथं जागा आहे, तर आधी कुणाला द्यायचं? मी एक ओंजळ दिली. नैवेद्य दाखवायच्या आधी. दुसऱ्या दिवशी परत. सातही दिवस. आणि दिवस उजाडला की माईक घेऊन गावाला सांगायचे, नैवेद्याआधी कुणी तोंडात टाकू नये.

आदल्याच संध्याकाळी आबा म्हणाले होते, "वहिनी, हा भाकरीला शिवत न्हाई दोन दिस." मी म्हणाले होते, "सप्ताहाचा उपास असेल, काल्याला सोडेल." आणि आम्ही दोघं हसलो होतो.

जीपचं दार लागल्याचा आवाज आला. मला सांगायचं नव्हतं. गावाचं जाऊ द्या, आबांसमोर नव्हतं सांगायचं. पण बुवा परत पारड्याजवळ जाऊन एकटेच उभे होते, हातात ते टाळ घेऊन, आणि एवढं सगळं बोलून झाल्यावरही त्यांचं काही मोडलेलं दिसत नव्हतं.

मी पळाले. पन्नाशीच्या बाईनं नऊवारीत पळणं काय असतं ते पळणारीलाच कळतं. जीप वळत होती. मी बॉनेटवर हात आपटले.

"काकी, काय झालं?"

मी बटवा काढून तिच्या हातात दिला. "आजही दिलेत," मी म्हणाले. "पहाटे साडेचारला. एक ओंजळ. आणि त्याच्या आधी सहा दिवस, रोज."

तिनं बटवा उघडून बघितला, मग माझी ओंजळ बघितली, खरोखर माझे दोन्ही हात धरून, किती मावतात ते. रागावली नाही. इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. आबा आणि दोन-चार लोक एव्हाना मागोमाग आले होते.

"आबा, पाणी जास्त पितोय का हा?"

"पितोय. मी म्हटलं ऊन वाढलंय."

"भाकरी?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते, आणि आता ते काय बोलतील त्याची वाट बघत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

"पहाटेचं कधीच पोटाच्या पुढं गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ते उलटीनं येणार नाही. याला दवाखान्यात नेते. सलाईन लावायचं, रक्त तपासायचं, दोन-तीन दिवस ठेवायचं. काकी, हे सांगितलं नसतं तर मी याला घरी पाठवला असता."

गोदाक्का माझ्या मागेच होती. मी मनाची तयारी केली. ती म्हणाली, "मालन, माईकचं काम पुढच्या सालापासनं मी बघू का?" पण म्हणताना तिनं माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला.

झांज्याला जीपमध्ये मागे ठेवला. आबा चढले. मग त्यांनी सरकून जागा केली.

"चला वहिनी," ते म्हणाले. "धरायला दोघं लागतील."

काल्याच्या दिवशी मी जेवल्याशिवाय गेले ते तेवढ्या एकदाच.

तीन दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो. पहिल्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा चढलेला निघाला, दुसरीत तेवढाच, तिसरीत उतरला. त्या तीन दिवसांत आबा मला रागानं एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दुपारी मात्र म्हणाले, "ओंजळ लय मोठी हाय तुमची." तेवढंच. सलाईनच्या थेंबांवर ते बोटांनी मांडीवर ठेका धरायचे, आणि झांज्या मिटल्या डोळ्यांनी वाकडा कान हलवायचा. चौथ्या दिवशी तो चालत घरी आला, आणि भाकरीचे दोन तुकडे खाऊन तिसऱ्यासाठी भुंकला.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. बेदाण्याची तुला अजून होते. बुवा आधी कोट काढून तातोबाच्या हातात देतात. तातोबा खिसे चाचपतो आणि मंडप हसतो. पारडं आता उंच चौथऱ्यावर ठेवतात. बुवा उतरले की आधी बेदाण्याच्या धोतराला गाठ मारतात, मगच आरती. काल्यात बेदाणे असतात, पण पत्रावळी उचलून होईपर्यंत गावातली कुत्री बांधलेली असतात.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या वर्षीचं. सप्ताहाची पहिली पहाट. मला रात्रभर एकच घोर लागला होता, आणि तो गोदाक्कानं लावला होता. "आता कळंल," ती आदल्या दिवशी म्हणाली होती, "ऐकाय येत हुता का खायला."

साडेचारला मी देवळात गेले. बटवा घरी ठेवला होता. अंधार होता, पायरीवर कुणी नव्हतं. मी झाडून काढलं. समई लावली. स्वतःला म्हटलं, नसू दे, जीव वाचला एवढं पुरे.

झाडू ठेवून वळले तर तो पायरीवर बसलेला.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं माझ्या कमरेचा वास घेतला. मग हाताचा. मी दोन्ही हात उघडून समोर धरले, हीच ती मोठी ओंजळ, आणि तिच्यात काही नव्हतं. त्यानं ती नीट हुंगली, चारी बाजूंनी. मी म्हटलं, आता जाईल.

त्यानं हनुवटी माझ्या ओंजळीत ठेवली आणि गाभाऱ्याकडे तोंड करून काकडा सुरू व्हायची वाट बघत राहिला.